शेंडा वाचला तर झाड

(साखरखेर्डा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या गावात बोलायला उभं राहताना मनावर दडपण येतं. पलसिद्ध महाराजांचं आणि प्रल्हाद महाराजांचं हे गाव. कीर्तन-प्रवचनं ऐकून इथला श्रोता तयार झालेला आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव १७२४ च्या लढाईमुळे येतं. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची गाठ इथल्या रानात पडली, मुबारिजखान मारला गेला आणि दक्षिणेत आसफजाही राजवटीचा पाया घातला गेला. अशा गावात वक्त्याने इतिहासावर बोलावं, नाहीतर अध्यात्मावर बोलावं. मी मात्र बोलणार आहे कमरेएवढ्या रोपावर, आणि रात्रीतून त्याचा शेंडा खाऊन जाणाऱ्या जनावरांवर. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हाडाचे शिक्षक होते. लहान रोप मोठं करण्याचा विषय त्यांना किरकोळ वाटला नसता, याची मला खात्री आहे.

१ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावायचा संकल्प झाला. पुढच्या वर्षी तो ४ कोटींवर गेला, २०१८ मध्ये १३ कोटींवर आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर. गावोगाव खड्डे झाले, ट्रॉल्या भरून रोपं आली, शाळेची मुलं रांगेत उभी राहिली. त्या उत्साहाला नावं ठेवायला मी आलेलो नाही. झाड लावावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुलैत लावलेलं रोप होळीनंतर कुठे असतं, हा प्रश्न आपण गावात मोकळेपणाने विचारत नाही. पाण्याअभावी मेलं, असं म्हणून मोकळे होतो. पाण्याविना मरणारी रोपं असतातच. पण पाणी घालूनही, निंदून खुरपूनही जी रोपं वर येत नाहीत, त्यांचं काय होतं ते जवळ जाऊन बघावं लागतं.

परवा मी गावाबाहेरच्या एका धुऱ्यावर अशाच एका शिवणीच्या रोपापाशी बसलो होतो. लावून दोन पावसाळे झालेले. आळं नीट केलेलं, ओलावा होता, बुंधा अंगठ्याएवढा जाड. म्हणजे मूळ चांगलं धरलेलं. उंची मात्र कमरेएवढीच. वरचं टोक तुटलेलं होतं, आणि तुटल्या जागी सालीचे धागे लोंबत होते. चावा बघितला की चोर ओळखता येतो. रोही (नीलगाय), हरीण, शेळी, मेंढी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात फांदी धरून ती झटक्याने तोडतात, म्हणून टोक फाटकं राहतं. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात. त्याचा काप तिरपा आणि स्वच्छ, आणि तोही जमिनीपासून वीत-दोन वितींवर. साळिंदर बुंध्याची साल खरवडून खातं. रानडुकराला पाल्यात फारसा रस नसतो. नव्याने भुसभुशीत केलेल्या आळ्यात गांडुळं आणि मुळं शोधताना ते रोपच उलथून टाकतं. वानरं कोवळी फूट खुडतात, आणि खातात त्याहून जास्त मोडून ठेवतात.

शिवणीचा तो चावा फाटका होता, कमरेच्या उंचीवर होता, आणि चार पावलांवर लेंड्यांचा मोठा ढीग होता. रोही ठरलेल्या जागी येऊन लेंड्या टाकतो. ढीग जुना-नवा मिसळलेला दिसला की समजायचं, ही त्याची नेहमीची वाट आहे. ज्याने तिथे रोप लावलं त्याने मनापासून लावलं, पण नेमकं रोह्याच्या वाटेवर लावलं.

शेंडा जाण्याने एवढं काय बिघडतं? झाडाच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं. त्याला ऑक्सिन म्हणतात. ते शेंड्यातून खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही, त्यामुळे झाड सरळ वर जातं. शेंडा तुटला की हा दाब जातो आणि तीन-चार डोळे एकदम फुटतात. ती फूट आणखी कोवळी, आणखी रसाळ. रोही पुन्हा येतो. प्रत्येक नव्या फुटीला मुळांत साठवलेलं अन्न खर्च होतं. असं दोन-तीन वर्षं चाललं की झाड मरतही नाही आणि वाढतही नाही, गुडघा-कमरेएवढं झुडूप होऊन बसतं. मग एखाद्या कडक उन्हाळ्यात मुळातली शिल्लक संपते आणि ते जळून जातं. तोपर्यंत मोजणीत ते जिवंत म्हणून धरलेलं असतं. आपल्या धुऱ्यांवर, रस्त्यांच्या कडेला, ई-क्लासच्या म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर अशी खुरटलेली झाडं किती आहेत, ते जाता-येता बघा. त्यांना पाणी कमी पडलेलं नाही. त्यांना शेंडा मिळालेला नाही.

आता हंगामाचं गणित बघू. पावसाळ्यात रानभर हिरवं असतं, तेव्हा तुमच्या रोपाकडे जनावर फारसं वळत नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं. मग तूर उभी असते, हरभरा असतो. रोह्याचा कळप तुरीत दिवसभर लपतो आणि रात्री हरभऱ्यात शिरतो. तूर निघाली, मागोमाग हरभरा निघाला, की घाटावरचं रान उघडं पडतं. गवत वाळून गेलेलं. त्या वेळी हिरवं काय उरतं? विहिरीजवळचा भाजीपाला, शेडनेटमधली बियाण्याची पिकं, मोसंबी-डाळिंबाच्या बागा, आणि आपण घागरीने, टँकरने पाणी घालून जगवलेली रोपं. आपण जितकं प्रेमाने पाणी घालतो तितकं ते रोप चार कोसांतून उठून दिसतं. त्यात रोपवाटिकेत खतावर वाढलेलं रोप जनावराला रानरोपापेक्षा गोड लागतं. त्याच्या पानात नत्र जास्त आणि तुरट-कडवट द्रव्यं कमी असतात. देशोदेशींच्या वनसंशोधकांनी ही गोष्ट नोंदवलेली आहे. म्हणून राखणीचा खरा काळ होळी ते मृग हा आहे, आणि नेमक्या त्याच काळात आपण लग्नसराईत असतो.

रोह्याला दोष देऊन भागणार नाही, तो इथलाच आहे. त्याची चराई आपण नांगरली. ई-क्लासची जमीन कुठे अतिक्रमणात गेली, कुठे बांधकामात गेली, जी उरली ती गुरांनी पार खुरडून काढली. माळावरचं उंच गवत गेलं. त्या गवताच्या आडोशाने राहणारा लांडगाही कमी झाला. रोह्याच्या पाडसांवर आणि हरणांवर खरी जरब त्याची होती. आपल्याकडे वाघाची बातमी मोठी होते. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, आणि तिच्या नोंदीप्रमाणे त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरवर गेली. जोडीदार न मिळालेला तो एकटा वाघ होता. त्याच्या येण्याने आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण आपल्या सिंदखेड राजा तालुक्यातल्या माळावर रोह्याची संख्या आवरायला तो पुरणार नव्हता.

शिकारी जनावर परत आलं की झाडं परत येतात का, हा प्रयोग अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात झाला. तिथले लांडगे माणसाने संपवले होते, आणि एल्क नावाच्या मोठ्या हरणांनी ओढ्याकाठच्या वाळुंज आणि अस्पेनच्या झाडांची पिढ्यानपिढ्या वाढ होऊ दिली नव्हती. १९९५ मध्ये लांडगे परत सोडले. त्यानंतर काही खोऱ्यांत कोवळी झाडं डोक्यावर गेली, काही ठिकाणी नाही. श्रेय लांडग्यांचं किती आणि इतर कारणांचं किती, यावर तिथल्या शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्याला त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की हा प्रश्न साखरखेर्ड्याचा एकट्याचा नाही. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणांमुळे कुंपणाबाहेर डोंगरावर नवं झाड उभं राहणं अवघड झालं आहे. आणि आपला रोही गेल्या शतकात टेक्सासमधल्या किंग रँचवर नेऊन सोडला गेला, तो तिथल्या रानात इतका रुळला की आता तिथले पशुपालक त्याच्यावर उपाय शोधतात. त्या लोकांच्या लक्षात आलेली एक गोष्ट आपले शेतकरी आधीपासून जाणतात: रोही तारेवरून उडी मारण्यापेक्षा तारेखालून घुसणं पसंत करतो. कुंपणाची खालची तार ढिली ठेवून वरच्या दोन तारा ताणण्यात काही अर्थ नाही.

आता उपायांकडे येतो. आधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ती जिवावरची आहे. काही ठिकाणी धुऱ्यावरच्या तारेत घरच्या किंवा पंपाच्या लाइनमधून थेट वीज सोडतात. त्यात रोही मरतो, डुक्कर मरतं, आणि माणूसही मरतो. पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो, स्वतःचा मुलगा मरतो. विदर्भात अशा घटना वारंवार घडल्या आहेत. हा गुन्हा आहे आणि हे पाप आहे. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात बॅटरीवरचं यंत्र क्षणभराचा झटका सोडतं, मग थांबतं, पुन्हा सोडतं. जनावर दचकतं, मागे फिरतं, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत या कुंपणाला अनुदानाची सोय आहे. फळबागेला, सलग क्षेत्राला ते चांगलं. पण तारेखालचं गवत वेळच्या वेळी कापावं लागतं, नाहीतर वीज गवतातून जमिनीत जाते आणि झटका मरतो. आणि धुऱ्यावरच्या, रस्त्याकडेच्या, स्मशानभूमीतल्या सुट्या झाडांना त्याचा काही उपयोग नाही.

सुट्या झाडांसाठी आपण लोखंडी जाळी आणतो. बहुतेक जाळ्या चार-पाच फुटांच्या. मोठ्या रोह्याचा खांदाच चार ते पाच फुटांवर असतो, आणि मान वर केली की तो सहा-सात फुटांपर्यंतचं सहज खातो. त्यामुळे जाळीच्या आत रोप छान वाढतं, वरच्या कडीपर्यंत येतं, आणि तिथे रोज छाटलं जातं. गावात अशी जाळीच्या मापाची झाडं तुम्ही पाहिलेली आहेत. जाळी अरुंद असेल तर ती उंचच हवी, सात फुटांच्या वर. आणि झाड मोठं झाल्यावर ती काढायला कुणीतरी हवं, नाहीतर बुंध्यात रुतते. ब्रिटनमध्ये १९७९ साली ग्रॅहम ट्युली नावाच्या वनाधिकाऱ्याने रोपाभोवती प्लास्टिकची नळी उभी करायची पद्धत काढली. तिथल्या थंड हवेत नळीच्या आत ऊब मिळते आणि रोप लवकर वाढतं. ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्या मे महिन्यात तशी बंद नळी तापते आणि पान करपतं. शिवाय काम झाल्यावर ब्रिटनच्या रानात प्लास्टिकचे तुकडे राहिले, आणि आता ते लोक कुजणाऱ्या नळ्यांकडे वळत आहेत. जुन्या साड्या बांधण्याचा उपाय आपल्या बाया करतात. तो काही दिवस चालतो, मग जनावराला साडीची सवय होते. शेणकाला शिंपडला तर त्याचा वास आठवडा-पंधरा दिवस टिकतो, पाऊस पडला की धुऊन जातो. हे सगळे उपाय आधाराला ठीक आहेत. मुख्य उपाय आपल्या धुऱ्यावर होता, आणि तो आपण काढून टाकला.

तो उपाय म्हणजे बोराटी, धुऱ्यावरची बोरीची काटेरी जाळी.

जुन्या धुऱ्यांवर जे मोठे कडुनिंब उभे आहेत, त्यातले बहुतेक कुणी लावलेले नाहीत. त्यांच्या बुंध्याशी जाऊन बघा. एखाद्या निंबाच्या पायाशी अजूनही बोरीचं जुनं खोड किंवा वाळलेली जाळी सापडेल. बुलबुल, कोकीळ, साळुंकी निंबोळी खातात आणि काटेरी जाळीवर येऊन बसतात, कारण तिथे मांजर आणि घार पोचत नाही. बी खाली पडतं. जाळीत सावली असते, पालापाचोळ्याचा ओलावा असतो, आणि चहूबाजूंनी काटे. शेळी तोंड घालत नाही, रोही मान घालत नाही. निंब आतल्या आत वाढतो आणि शेंडा जाळीच्या वर काढतो. तोवर तो रोह्याच्या तोंडाच्या वर गेलेला असतो. मोठा झाला की त्याच्या सावलीत बोरी हळूहळू मागे पडते. दर धुऱ्यावर ही रोपवाटिका फुकट चालत होती, राखणदारासकट.

फ्रान्स वेरा या डच परिसंस्थाशास्त्रज्ञाने २००० साली मोठा ग्रंथ लिहून मांडणी केली की युरोपातली ओकची रानं याच रीतीने उभी राहिली. रानगायी, घोडे, हरणं चरत असताना ओकचं रोप काटेरी झुडपात वाढलं आणि त्या झुडपाच्या वर निघालं. त्याच्या सगळ्याच निष्कर्षांवर एकमत नाही. पण काटेरी झुडूप कोवळ्या झाडाला चरणाऱ्यांपासून वाचवतं, हा भाग आता सर्वमान्य आहे. तिकडे त्यावर ग्रंथ झाले. आपल्या आज्यांना ते माहीत होतं, म्हणून त्या बोराटीला हात लावू देत नसत.

मग झालं काय? जमिनीला भाव आला, धुरा कोरला जाऊ लागला. जेसीबी आला, एका दिवसात धुरा साफ. तणनाशक आलं. उन्हाळ्यात धुरे पेटवायची रीत तर होतीच. स्वच्छ धुरा ही हुशार शेतकऱ्याची खूण ठरली. बोराटी, हिवर, चिल्हार, सागरगोटा, सगळी काटेरी मंडळी कचरा म्हणून गेली. आणि त्याच रिकाम्या धुऱ्यावर आपण जुलैत बिनकाट्याचं रोप लावतो आणि त्याचं रक्षण व्हावं म्हणून लोखंडाची जाळी मागवतो. मला याचं मनापासून दुःख होतं. घरचा राखणदार हाकलून आपण बाहेरून पहारेकरी शोधत आहोत.

म्हणून माझं सांगणं असं की रोपासोबत काटा लावा. रोप लावलं त्याच दिवशी काट्याचं आळं करा, दिवाळीची वाट पाहू नका. बाभळीच्या, बोरीच्या, हिवराच्या बाजूच्या फांद्या छाटा, अख्खं झाड तोडू नका. रोपापासून तीन फूट अंतर सोडून गोल करा. बुडखे आत, काटे बाहेर, आणि बुडख्यांवर दगड. रुंद गोलाचा फायदा असा की त्याला फार उंची लागत नाही. रोह्याला मान लांबवून शेंड्यापर्यंत पोचताच येत नाही, आणि काट्यात पाय टाकायला तो तयार नसतो. फांद्या रोपाला टेकू देऊ नका, वाळवी त्यांच्यावरून बुंध्यावर चढते. आळ्याच्या बाहेर हातभर पट्टा गवत काढून मोकळा ठेवा, म्हणजे धुरा पेटला तरी आग आत येणार नाही. वाळला काटा वर्षभर टिकतो. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर द्यायचा.

आणि त्याच पावसात त्या गोलाच्या कडेने बोरीच्या आठळ्या, सागरगोट्याचं बी, करवंदाची रोपं लावून द्या. दोन-तीन वर्षांत वाळला काटा कुजतो, तोवर जिवंत काटा उभा राहिलेला असतो. मग त्या झाडाला तुमची गरज कमी लागते. वेडी बाभूळ मात्र लावू नका. तिच्या वाळल्या फांद्या शेंगा झाडून खुशाल वापरा, पण तिचं बी गुरांच्या पोटातून सगळ्या शिवारात पसरतं आणि ती दुसरं काही उगवू देत नाही.

झाडांची निवड करतानाही जनावराची जीभ लक्षात घ्यायला हवी. सीताफळाला शेळीही तोंड लावत नाही. करंज, पळस यांना जनावर सहसा शिवत नाही. म्हणून ही झाडं बाहेरच्या रांगेला, रोह्याच्या वाटेकडे लावा, ती जवळजवळ बिनराखणीची येतात. शिवण, अंजन, आवळा, उंबर, पिंपळ, वड यांचा पाला जनावराला आवडतो. ती आत लावा आणि काटा त्यांच्यासाठी राखून ठेवा. बांबूच्या कोंबांवर डुक्कर, साळिंदर आणि वानर तिघांचाही डोळा असतो, त्याला पहिली दोन वर्षं कुंपणाशिवाय लावूच नका. सरकारी यादीतून जे रोप आलं ते मिळेल त्या खड्ड्यात, ही पद्धत थांबली पाहिजे.

आता पैशाचं आणि जबाबदारीचं बोलतो. भाऊसाहेब फुंडकर आपल्याच जिल्ह्यातले, खामगावचे. त्यांच्या नावाने २०१८ पासून फळबाग लागवड योजना चालते. त्या योजनेतली एक अट मला फार शहाणपणाची वाटते. अनुदान तीन वर्षांत हप्त्याने मिळतं, आणि पुढचा हप्ता झाडं जगण्यावर अवलंबून असतो: बागायतीत किमान ९० टक्के आणि कोरडवाहूत किमान ८० टक्के झाडं जिवंत पाहिजेत. सगळे पैसे खड्ड्याला नाहीत, जगण्यालाही आहेत. रोजगार हमीत रस्त्याकडेच्या झाडांसाठी जो बिहार पॅटर्न आपल्या राज्यात आला, त्यामागेही तोच विचार आहे. दोनशे झाडांचा एक गट काही कुटुंबांकडे द्यायचा आणि राखण्याची, पाणी घालण्याची मजुरी त्यांना तीन वर्षं द्यायची. ज्या गावात ही मजुरी वेळेवर मिळाली आणि ज्या बाईच्या नावावर ती झाडं होती तिला ती आपली वाटली, तिथे झाडं उभी आहेत. जिथे मजुरी अडकली तिथे पहिल्या उन्हाळ्यातच शेळ्या शिरल्या.

हो, शेळ्यांचं नाव घ्यायला हवं. गावाजवळच्या झाडांचं नुकसान रोह्यापेक्षा शेळ्या-गुरांनी जास्त होतं, हे आपण सगळे जाणतो. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाच्या ठरावाने पाळली, म्हणून तिथला डोंगर हिरवा झाला. पण ज्या घरात जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्या घराला चराई बंद करा म्हणून सांगताना त्यांना गवत कुठून मिळेल हेही सांगावं लागतं. ई-क्लासचा एक तुकडा दोन पावसाळे राखला तर कापून नेण्याएवढं गवत येतं. ते गवत आधी त्या घरांना मिळालं पाहिजे. आणि माळावर गवत राहिलं तर रोही आणि हरणंही काही दिवस माळावर थांबतील. गवत राखणं आणि झाड राखणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

भरपाईबद्दल एक तक्रार जाहीरपणे करतो. पिकाचं नुकसान वन्यप्राण्याने केलं तर तीन दिवसांत वनविभागाला कळवायचं, पंचनामा होतो, पैसे मिळतात. संत्रा-मोसंबीसारख्या काही फळझाडांचीही तरतूद आहे. पण धुऱ्यावरच्या निंबाला, आंब्याच्या गावठी रोपाला, शिवणीला कोण विचारतं? शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर सावलीसाठी लावलेलं झाड जनावराने खाल्लं तर त्याची कुठे नोंदसुद्धा होत नाही. निदान काट्याच्या आळ्याची मजुरी रोजगार हमीच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून धरली, तर भरपाई मागायची वेळच कमी येईल. ही मागणी ग्रामपंचायतीने ठराव करून तहसीलपर्यंत न्यायला हरकत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी जे कलम आहे ते आपण भाषणांतून ऐकतो. झाडं तोडू नयेत, एवढाच भाग सहसा सांगितला जातो. त्यात दुसरी गोष्टही आहे: झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी बहुत काळ जतन केलेली असतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराला जतनाचा काळ ठाऊक होता. आपण मात्र लागवडीचा सप्ताह करतो आणि जतनाचं वर्ष करत नाही.

आपल्या जिल्ह्याने याआधी राज्याला एक वाट दाखवलेली आहे. महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम तलावांतून काढायची, म्हणजे रस्ता होतो आणि तलावही खोल होतो. ते काम बुलढाणा पॅटर्न म्हणून देशभर ओळखलं गेलं. झाडांच्या बाबतीतही इथून काही उभं राहू शकतं, आणि त्याला महामार्गाएवढा पैसा लागत नाही.

येत्या ग्रामसभेत एवढे विषय घ्या. या वर्षी गावाने हजार झाडं लावायची नाहीत, शंभर लावायची. प्रत्येक झाडाला लावण्याच्या दिवशीच काट्याचं आळं. धुऱ्यावरची बोराटी पेटवायची नाही, तोडायची नाही, हा ठराव. आणि मोजणी जुलैत करायची नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात करायची, आणि ज्या झाडाचा शेंडा सात फुटांच्या वर गेला तेवढंच झाड गावाच्या वहीत लिहायचं. शंभरातली साठ जरी त्या वहीत लागली, तरी पुढच्या तीन वर्षांसाठी आणखी शंभर घ्या. त्या मोजणीला मला बोलवा, मी येईन.